चढाला गाडी दम का सोडते?

प्रश्न : माझ्याकडे २००७ सालची वॅगनआर आहे, एमएच-०५ पासिंगची. दहा-बारा वर्षांपूर्वी सीएनजी किट बसवून घेतलं. डोंबिवलीहून शिळफाट्याला किंवा ठाण्यात कामाला जाताना गाडीची काहीच तक्रार नसते. पण घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात चौघं बसलेले असले की तिसऱ्या गिअरला पिकअपच घेत नाही. दुसरा टाकावा लागतो आणि मागचे हॉर्न वाजवत बसतात. पूर्वी हाच घाट तिसऱ्यावर निघायचा. एका गॅरेजवाल्याने इंजिनकाम सांगितलं. दुसऱ्याने एक सेन्सर बदलला, त्याने काही फरक पडला नाही. खर्च करावा की गाडी काढून टाकावी? आणि सपाटीला चांगली चालणारी गाडी चढालाच का थकते?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचं त्यातून सुटत जाईल.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना तुमच्या गाडीला जेमतेम साडेतीन अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण आणि समोरचा वारा, एवढंच काय ते तिला ढकलायचं असतं. आता चार माणसं आणि सीएनजीचा सिलिंडर धरून गाडीचं वजन साडेअकराशे किलो धरा, आणि रस्ता दर पंधरा मीटरला एक मीटर चढतोय असं समजा. तोच ४० चा वेग ठेवायचा तर नुसतं वजन वर उचलायला आणखी अकरा-साडेअकरा अश्वशक्ती पाहिजे. म्हणजे सगळी मिळून साडेचौदाच्या पुढे. सपाटीच्या चौपट!

तुमच्या १०६१ सीसी इंजिनची कंपनीने सांगितलेली ताकद ६४ अश्वशक्ती आहे, पण ती इंजिन मिनिटाला सहा हजारांवर फेरे घेत असतानाची. तिसऱ्या गिअरला ताशी ४० म्हणजे साधारण बावीसशे फेरे. तिथे धडधाकट इंजिनसुद्धा वीस-बावीस अश्वशक्तीच देतं. त्यातली एक तृतीयांश कुठे तरी गळाली की हातात चौदा-साडेचौदा उरते आणि घाटाला नेमकी तेवढीच कमी पडते. सपाटीवर मात्र साडेतीनच लागत असल्यामुळे तुम्हाला काही जाणवत नाही. म्हणजे दुखणं तुम्ही समजता त्यापेक्षा जुनं असण्याची शक्यता बरीच आहे. ते महिनोन्‌महिने हळूहळू वाढत आलं असेल आणि गायमुखला उघडं पडलं असेल.

ही एक तृतीयांश ताकद जाते कुठे? पेट्रोल इंजिनाला पाच गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पुरेसं इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी, सिलिंडरमध्ये टिकणारा दाब आणि जळालेल्या धुराला बाहेर जायला मोकळी वाट. पाचांपैकी एक जरी अडली तरी लक्षण तेच, गाडी ओढत नाही. म्हणून नुसतं लक्षण ऐकून सेन्सर बदलणं हा अंदाजपंचे कारभार झाला. सेन्सर खराब नसतातच असं नाही, पण तो तपासून बदलायचा असतो. इंजिनकामाचं तर त्याहून जास्त. दाब मोजून आकडा दाखवल्याशिवाय कुणी इंजिन उघडायला सांगत असेल, तर त्याला मुळीच हो म्हणू नका.

सुरुवात इंजिनाबाहेरून करा. कल्याण-शीळ रस्त्यावर रोज अर्धा क्लच दाबून रांगत जाणाऱ्या गाडीची क्लचप्लेट लवकर घासते. घाटात अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग तिथेच राहतो, असं होत असेल तर ताकद क्लचमध्ये निसटते आहे, इंजिन निर्दोष आहे. आवाजही चढत नसेल तर क्लच सोडून पुढे चला. तशीच ब्रेकची गोष्ट. आपल्याकडच्या पावसात पुढच्या डिस्कच्या कॅलिपरची पिन गंजून अडकते आणि ब्रेक थोडा धरून राहतो. दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवा, थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा तापलेलं लागलं तर तिथे बघा. हात रिमला लगेच टेकवू नका, चांगलाच चटका बसतो.

यानंतरची चाचणी सीएनजीवाल्यांनाच करता येते आणि ती फार मोलाची आहे. तोच घाट, तेवढीच माणसं, तोच गिअर. एकदा सीएनजीवर चढवा, एकदा पेट्रोलवर. मात्र त्याआधी टाकीत पाच-सात लिटर ताजं पेट्रोल भरून घ्या. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या टाकीत तेच ते पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. असल्या पेट्रोलवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. टाकी कोरडी ठेवून वर्षभर गॅसवर गाडी चालवण्याची सवय असेल तर तीही मोडा. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहून थंड होत असतो, कोरड्या टाकीत तो तापून जातो.

सीएनजीवर थोडी ताकद कमी मिळणारच. गॅस आत जाताना हवेची जागा अडवतो. मिथेनचं हवेशी बरोबर मिश्रण झालं की त्यात जवळजवळ दहावा हिस्सा गॅस असतो, म्हणजे तेवढी हवा कमी आत गेली आणि तेवढीच ताकद कमी झाली. पण हे दहा टक्के तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, नवा दोष तो नाही. चाचणीत पेट्रोलवर गाडी पूर्वीसारखी चढली आणि गॅसवर अडली, तर इंजिन शाबूत आहे आणि दोष किटमध्ये आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल येतं, ते फिल्टरमध्ये आणि रिड्युसरमध्ये साचतं. रिड्युसरमधला रबरी पडदा वर्षांनी कडक होतो आणि जास्त गॅस मागितला की पुरवू शकत नाही. फिल्टर बदलणं, रिड्युसरला नवं किट टाकणं आणि ट्यूनिंग करून घेणं, एवढ्यात काम भागतं. हे सगळं अधिकृत किटवाल्याकडेच करा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

दोन्ही इंधनांवर गाडी सारखीच अडत असेल तर मात्र बॉनेट उघडायचं.

आधी हवा. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते, आणि आपल्या भागात मेट्रोची, उड्डाणपुलांची कामं चालू असताना त्या फिल्टरची काय दशा होते ते एकदा डबा उघडून बघाच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशी असतील तर फिल्टरच्या डब्यात कापडाच्या चिंध्या आणि शेंगांची टरफलं निघतात, ही अतिशयोक्ती नाही. फिल्टर झटकून पुन्हा घालू नका, नवा घाला. तुमचं किट जुन्या पद्धतीचं, म्हणजे थ्रॉटलच्या तोंडाशी मिक्सर बसवलेलं असेल, तर तिथे काळं चिकट तेल साचून वाट अरुंद झालेली असते. ते साफ करून घ्या. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटलची चकती खरोखर पूर्ण उघडते का हेही कुणाला तरी आत बसवून पाहावं. सैल पडलेल्या केबलमुळे ती पाऊणच उघडते, असं पुष्कळदा निघतं आणि कुणी पाहिलेलंच नसतं.

मग प्लग. चारही प्लग काढून, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात राहील अशा क्रमाने फडक्यावर मांडा. टोकाला फिकट तपकिरी रंग असला तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल आत येतंय. पांढराफटक म्हणजे तिथे मिश्रण पातळ आहे, उष्णता जास्त आहे. तीन सारखे आणि एक वेगळा असला तर सगळं लक्ष त्या एका सिलिंडरवर. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग आणि जुनी वायर गॅसवर आधी बोलू लागते : चढावर गाडी जर्क मारते, मिसिंग करते. पावसाळी रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन लांबून पाहा. वायरीवर निळी ठिणगी नाचताना दिसली तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. फक्त हात लावू नका.

धुराची वाट हा भाग गॅरेजमध्येही विसरला जातो. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. इंजिन बरेच दिवस मिसिंग करत राहिलं तर न जळलेलं इंधन तिथे जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते आणि वाट बुजते. तपासायला व्हॅक्यूम गेज पुरतं. इंजिन तापलेलं आणि निष्क्रिय चालीवर असताना काटा साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर असावा. ठाणे-डोंबिवली समुद्रसपाटीच्या जवळच असल्याने उंचीची वजाबाकी करावी लागत नाही. मग अॅक्सिलरेटर अडीच हजार फेऱ्यांवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली उतरत गेला तर धूर कोंडतोय. पेट्रोलवरच्या तक्रारीसाठी पंपाचा दाबही मोजून घ्यावा, या काळातल्या मारुतींना तो अडीच-तीन किलोच्या आसपास लागतो. मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर लावू द्या. पण आपल्याकडे ओबीडी २०१० ते २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, तुमची गाडी त्याआधीची आहे. स्कॅनरने काही दाखवलं नाही म्हणून सगळं ठीक, असा अर्थ काढू नका.

आता मला ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त संशय आहे तिच्याकडे येतो : टॅपेट.

प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, डोक्याच्या दोन-तीन केसांच्या जाडीएवढी. इंजिन तापलं की धातू फुगतो, त्यासाठी ती जागा. पेट्रोल आत येताना व्हॉल्व्हच्या बैठकीला थोडं थंड ठेवतं, थोडं ओलं ठेवतं. गॅस पूर्ण कोरडा. सीएनजीवर हजारो किलोमीटर चालल्यावर बैठक, म्हणजे व्हॉल्व्ह सीट, सूक्ष्म प्रमाणात घासत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट मिटत जाते. शेवटी इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. दाब तिथून निसटतो, आणि गरम धुराच्या झोताने व्हॉल्व्हची कड जळायला लागते. यात फसवणारी गोष्ट अशी की आवाज काहीच येत नाही. फट वाढली तर टॅपेट टकटक वाजतं आणि मालक धावत गॅरेजला जातो. फट मिटली तर इंजिन उलट शांत होतं, मालक खूश. सीएनजीच्या जुन्या गाडीचा आवाज पूर्वीपेक्षा मऊ झाला असेल तर मला काळजी वाटते.

इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर हे काम करतात. व्हॉल्व्हचं झाकण काढायचं, इंजिन हाताने फिरवून एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह मोकळे करायचे आणि फिलर गेजची पाती फटीत घालायची. कंपनीच्या आकड्याची पाती थोडी ओढ देत सरकली तर बरोबर. तिच्याहून पातळ पातीही शिरेना, तर बोटालाच कळतं की इथे फट उरलेली नाही. नट सैल करायचा, स्क्रू थोडा मागे घ्यायचा, नट आवळायचा आणि पाती पुन्हा घालून बघायची, कारण आवळताना सेटिंग हलतं. सोळा व्हॉल्व्हना तासभर तरी जातो. पंधरा मिनिटांत सगळं ‘सेट’ करून देणाऱ्याने झाकण उघडलं होतं का, हे विचारा.

तेवढ्यात कॉम्प्रेशनही मोजून घ्या. हे मात्र इंजिन चालवून गरम करून, चारही प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून करतात. अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेला आकडा कमीच येतो, आणि तेवढ्यावर कितीतरी चांगली इंजिनं उगाच उघडली गेली आहेत. निरोगी पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते २०० पीएसआय येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांचे आकडे एकमेकांजवळ असले पाहिजेत. एखादा खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय. रिंगा असतील तर सायलेन्सरमधून निळसर धूर आणि ऑइल कमी होणं हीही लक्षणं असतात. तुम्ही त्यांचा उल्लेखही केलेला नाही, म्हणून इंजिनकामाच्या सल्ल्यावर माझा विश्वास बसत नाही. व्हॉल्व्ह गळत असेल तर फक्त हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्हचं काम करावं लागतं. खालचं इंजिन, बोअर, पिस्टन यांना हातही लावायचं कारण नाही. हेड उतरवलंच तर टायमिंग बेल्ट नवा टाका. जुना पट्टा एक दात जरी सरकून बसला असला तरी चढावरची ताकद अशीच जाते.

गाडी काढावी का? आकडे हातात येण्याआधी ठरवू नका. टॅपेट, प्लग, फिल्टर, किटची सर्व्हिस एवढ्यावर निभावलं तर मुळीच काढू नका. हेडचं काम निघालं तरी करा, असं मी म्हणेन. मात्र पंधरा वर्षांनंतरचं पासिंग पाच वर्षांचंच मिळतं. तुमचं २०२७ मध्ये पुन्हा येणार, हरित कर आणि फीही भरावी लागणार. खालचा पत्रा सडलेला असेल तर इंजिनावर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. पत्रा शाबूत असेल तर ही गाडी अजून चांगली सेवा देईल.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आम्ही हौसेने सांभाळली आहे. उन्हाळ्यात मुरबाडमार्गे माळशेजला नेली की घाटात ताकद जाते, कधी बंदही पडते. अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर बदलावा का?
— एक वाचक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : कार्ब्युरेटरला हात लावू नका. अर्धा तास थांबल्यावर गाडी आपोआप सुरू होते, यातच उत्तर आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला आणि इंजिनच्याच उष्णतेत बसलेला असतो. मे महिन्यात घाटात गाडी सावकाश चढते, पंख्याची हवा अपुरी पडते, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते अगदी योग्य होतं. कायमचा उपाय हवा असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी बसवा, रेडिएटर आतून साफ करून घ्या.

बंद न पडता नुसतीच ताकद जाते त्याची कारणं वेगळी. माळशेजचा माथा सातशे मीटरच्या आसपास आहे. तिथली हवा सहा-सात टक्के विरळ, तेवढी ताकद गेली असं समजाच. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाकडे मुळात चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, त्यामुळे ही वजाबाकी जाणवते. बाकीचं बहुतेक वेळा पॉइंटमध्ये असतं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजले की फट बदलते, फट बदलली की टायमिंग हलतं. पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाका, फट फिलर गेजने लावा, मग टायमिंग लाइटने बघा. डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं गंजून अडकली असतील तर वेग वाढल्यावर ठिणगी पुढे सरकत नाही, ती मोकळी करून थेंबभर तेल द्या.

गाडी सांभाळल्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. पद्मिनी कुर्ल्याला बनायची, पण त्याच प्रीमियर कंपनीचा दुसरा कारखाना आपल्याच डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्याला होता, आणि १९९० च्या दशकात पेजो ३०९ तिथूनच बाहेर पडली. त्या कारखान्यात हात तयार झालेली माणसं अजून या पट्ट्यात सापडतात. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, आता सुटे भाग दुर्मीळ होत जाणार. पंपाचा पडदा, पॉइंट, वॉटर पंपाचं सील मिळतंय तोवर एकेक जोड घरात घेऊन ठेवा.

प्रश्न : जुन्या गाड्यांची ताकद नव्या ई-२० पेट्रोलमुळे गेली, असं सगळे म्हणतात. खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थोडं खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी घटते. जुन्या गाडीत सरासरी कमी पडणं त्यातून समजू शकतं. पण घाटात गाडी उभी राहावी एवढी ताकद त्यातून जात नाही. तेव्हा सगळा दोष पेट्रोलच्या माथी मारून फिल्टर, प्लग आणि टॅपेट तसेच सोडू नका. इथेनॉलचा खरा त्रास वेगळा आहे. ते जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून बसवतं, आणि जुन्या काळच्या रबराला फुगवतं किंवा तडे पाडतं. ई-२० सुरू केल्यावर पेट्रोल फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या टाकून घ्या. नळी बोटांत वाकवून पाहा. भेगा दिसल्या किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर ताकदीचा विचार नंतर. ती नळी त्याच दिवशी बदला आणि तोवर गाडी चालवू नका.